समुद्राकाठचं पार्क होम : आधी घराखाली बघा

प्रश्न : निवृत्तीनंतर इंग्लंडमधलं साउथॅम्प्टनचं घर विकून डॉर्सेटच्या किनाऱ्यावर जुनं पार्क होम घ्यायचं म्हणतो. सोलर पॅनेल, हीट पंप (बाहेरच्या हवेतली उष्णता घेऊन घर तापवणारं यंत्र) आणि जाड इन्सुलेशन असल्यामुळे ते पर्यावरणस्नेही आहे, असं विक्रेता सांगतो. काय तपासावं?

उत्तर : टॉर्च घेऊन आधी घराखाली बघा. पार्क होम म्हणजे कारखान्यात बनवून पार्कातल्या, म्हणजे साइट मालकाच्या, भाड्याच्या जागेवर ठेवलेलं घर. आपल्याकडच्यासारखं याला जोतं नसतं. काँक्रीटच्या पायावर ठोकळे नि जॅक, त्यावर लोखंडी चॅसी (सांगाडा) आणि तिच्यावर फळ्यांची जमीन. भोवतीची विटांची पडदी घराचा भार घेत नाही, ती नुसता आडोसा. तिच्यातल्या हवेच्या जाळ्या ‘गार वारा येतो’ म्हणून बुजवलेल्या सर्रास दिसतात. मग खालची ओल कोंडते, फळ्या कुजतात आणि खाऱ्या हवेनं धरलेला गंज चॅसीला आणखी खातो. वेल्डचे सांधे आणि जॅकचे आटे बघा. वर रंगाचा ताजा हात असेल तर स्क्रूड्रायव्हरनं टोचून बघा. पापुद्रे सुटले तर किंमत बोलण्याआधी सर्वेक्षक बोलवा. थंडीवर उपाय म्हणजे फळ्यांच्या पोटाला इन्सुलेशन लावणं आणि पाण्याचे पाइप गुंडाळणं. जाळ्या उघड्याच हव्यात.

इन्सुलेशनबद्दल तोंडी शब्द नको, घर ‘बीएस ३६३२’ या निवासी पार्क होमच्या ब्रिटिश मानकाच्या कोणत्या सालच्या आवृत्तीनुसार बांधलंय ते कागदावर मागा. बाहेरून नवं क्लॅडिंग (भिंतींवरचं आवरण) चढवायचं असेल तर साइट मालकाची परवानगी लागते. दोन घरांत साधारण ६ मीटर अंतर राखायचं असतं आणि आवरणाच्या जाडीनं ते घटतं, हे ठेकेदार सोयीस्करपणे विसरतात.

हीट पंपात आर-२९० म्हणजे प्रोपेन असेल तर जागा नीट बघा. हा वायू हवेपेक्षा जड. गळती झाली तर जमिनीलगत पसरतो आणि पडदीच्या जाळ्यांतून घराखाली साचू शकतो. म्हणून उत्पादकानं आखून दिलेल्या सुरक्षित अंतरात जाळी, दार किंवा गटार येता कामा नये. किनाऱ्यावर पंपातल्या ॲल्युमिनियमच्या पातळ पात्यांना (फिन्सना) गंजरोधक लेप हवाच. अधूनमधून पंप बंद करून बागेच्या पाइपनं गोड्या पाण्यानं धुवा. प्रेशर जेट नको, पाती वाकतात.

प्रश्न : छतावर ८ पॅनेल बसवून जास्तीची वीज विकता येईल?

उत्तर : एक पॅनेल साधारण २० किलोचं, म्हणजे बसवायच्या पट्ट्या सोडून आठांचं १६० किलो. छत हलकं असतं, त्यामुळे घर बनवणाऱ्याचं लेखी उत्तर घेतल्याशिवाय भोक पाडू नका. विक्रीचं म्हणाल, तर त्यासाठी स्वतःचा नोंदणीकृत निर्यात मीटर लागतो. पार्कात वीज बहुधा साइट मालकाच्या जोडणीतून उपमीटरनं येते. तिथं विक्रीचा मार्ग बंदच समजा. जास्तीची वीज गरम पाण्याच्या टाकीत वळवणारं यंत्र बॅटरीपेक्षा स्वस्त पडतं.

प्रश्न : पार्क ‘१२ महिने खुलं’ आहे. म्हणजे कायम राहता येईल ना?

उत्तर : नाही! हॉलिडे परवान्याचं, म्हणजे फक्त सुट्टीपुरतं राहण्याचं, पार्कही बारा महिने खुलं असू शकतं. तिथं ते तुमचं मुख्य घर होऊ शकत नाही आणि १९८३च्या मोबाइल होम्स कायद्याचं संरक्षणही मिळत नाही. साइटचा परवाना आणि बांधकाम परवानगी स्थानिक कौन्सिलकडून (नगरपालिकेसारखी संस्था) स्वतः तपासा. निवासी पार्कातही पुढे घर विकताना किमतीच्या १० टक्क्यांपर्यंत कमिशन साइट मालकाला जातं, तेव्हा हा आकडा आजच हिशेबात धरा.