कीबोर्डवर भजनाच्या साथीसाठी स्वतःची स्टाइल कशी तयार करावी?

आपल्याकडे यामाहा पीएसआर-एसएक्स७०० आहे, परंतु तयार स्टाइल (कीबोर्ड आपोआप वाजवतो ती ताल-बेस-कॉर्डची साथ) लावताच गावची भजनी मंडळी "हा तर ऑर्केस्ट्रा झाला" म्हणतात, असे आपण लिहिले आहे. परभणीकडच्या सप्ताहांत मीही कीबोर्डची साथ करतो आणि मंडळींचे म्हणणे मला रास्त वाटते.

स्टाइल क्रिएटरमध्ये (स्वतःची स्टाइल तयार करण्याची कीबोर्डमधली सोय) रेकॉर्डिंग सुरू करण्यापूर्वीच एक माप म्हणजे तालाचे एक पूर्ण आवर्तन, असे ठरवून टाकावे. आठ मात्रांचा भजनी ठेका ४/४ च्या एका मापात, प्रत्येक मात्रा अर्ध्या ठोक्याची धरून बसतो. दादऱ्यासाठी ६/८ घ्यावे. फिल-इन (स्टाइलचे भाग बदलताना मध्ये वाजणारा छोटा तुकडा) एकाच मापाचा असल्यामुळे, माप आणि आवर्तन जुळले तरच त्यात भरलेली तिहाई (तीनदा वाजणारा बोलांचा तुकडा) नेमकी समेवर, म्हणजे आवर्तनाच्या पहिल्या मात्रेवर, येते. एरवी गायक समेवर पोहोचतो आणि कीबोर्ड मध्येच कुठेतरी राहतो.

स्टाइलमधल्या तालाच्या दोन चॅनेलपैकी रिदम १ वर तबला आणि रिदम २ वर टाळ ठेवावेत, म्हणजे मंडपात खरे टाळ असतील तेव्हा मिक्सरमधून तेवढेच बंद करता येतात. क्वांटाइझ (ठोके आपोआप अचूक जागी बसवणे) टाळांना खुशाल लावावे. तबल्याला मात्र पूर्ण लावू नये, कारण ठेक्याचा डौल बोल किंचित मागेपुढे पडण्यात आणि जोर कमीअधिक होण्यात असतो. स्टाइलच्या ए ते डी या चार मुख्य भागांपैकी मेन ए मध्ये साधा ठेका, बी मध्ये थोडी भरणी आणि सी मध्ये दुगुन (दुप्पट लय) पुरेशी होते. डी रिकामा राहिला तरी बिघडत नाही.

बेस व कॉर्डचे भाग मूळ कॉर्ड सी मेजर सेव्हन धरून भरावे लागतात. कॉर्डमध्ये सी, ई, जी आणि बी एवढेच स्वर वापरावेत. बेसमध्ये डी आणि ए सुद्धा चालतात. माझ्या मते भजनाला बेस अगदी विरळ असावा आणि कॉर्डचा भाग नसला तरी चालेल.

त्याऐवजी पॅडवर (लांब टिकणाऱ्या स्वरांच्या चॅनेलवर) तानपुऱ्याचे सा-प, म्हणजे सी आणि जी, भरावेत आणि त्या भागाला एनटीआर (कॉर्ड बदलल्यावर स्वर कसे हलावेत याचा नियम) 'रूट फिक्स्ड' व एनटीटी (स्वर बदलण्याचा तक्ता) 'बायपास' द्यावे. मग डाव्या हाताने कोणतीही कॉर्ड धरली तरी तानपुरा हलत नाही. गायकाची पट्टी काळी चार (जी शार्प) असेल, तर ट्रान्सपोज (सगळे स्वर वर-खाली सरकवण्याची सोय) उणे ४ करून सी मध्येच वाजवावे. तानपुराही आपोआप त्या पट्टीत उतरतो.