रविवारी अख्खं घर सायकलवर, पण सुरुवात कुठून करू?

प्रश्न: ताई, आम्ही जळगावचे. मिस्टरांचं वजन वाढलंय, माझे गुडघे कुरकुरतात, पोरं 9 आणि 13 वर्षांची, दिवसभर मोबाईल. सगळ्यांनी मिळून सायकल चालवायची म्हणतोय, जमेल का?

उत्तर: जमेल ना, का नाही जमणार! आधी मेहरूण तलावापासून सुरू करा, सकाळी सहाला निघा, पाणी बघत अर्धा तास चालवा, बस. मोठ्यांना आठवड्याला 150 मिनिटं मध्यम व्यायाम लागतो आणि पोरांना रोज 60, म्हणजे रविवार एकटा पुरणार नाही, मधले दोन-तीन दिवसही काढा. चालवता चालवता गप्पा मारता आल्या की वेग बरोबर आहे समजा.

गुडघ्यांचं म्हणाल तर बहुतेक वेळा सीट खाली असते म्हणून त्रास होतो, पायडल सगळ्यात खाली असताना गुडघा किंचितच वाकलेला राहील एवढी सीट वर घ्या आणि हलक्या गिअरवर चालवा, तरी दुखलंच तर डॉक्टरांना दाखवा, अंगावर काढू नका.

महिना-दोन महिन्यांनी चाळीसगावहून पाटणादेवीला जा, साधारण 18 किमी, समोर डोंगर, पावसाळ्यानंतर सगळं हिरवंगार, मला तो रस्ता फार आवडतो. जाताना सोबत कळण्याची भाकर, ठेचा, भरपूर पाणी, आणि पंक्चरचं किट नक्की, आपल्याकडे बाभळीचे काटे सोडत नाहीत. हेल्मेट सगळ्यांना, मिस्टरांनासुद्धा. एप्रिल-मेमध्ये मात्र आठच्या आत घरी, आपलं ऊन माहितीये ना.