क्रीक किती मुरू द्यावी?

प्रश्न : मी नोकरीनिमित्त बेल्जियममध्ये ल्युव्हेन येथे राहतो. एकाच ब्रुअरीच्या क्रीकच्या, म्हणजे आंबट चेरी घातलेल्या लँबिक (हवेतल्या यीस्टने आपोआप आंबणाऱ्या) बिअरच्या, २०१५, २०१९ आणि २०२३ साली भरलेल्या तीन बाटल्या मी वेगवेगळ्या दुकानांतून जमवल्या आणि दिवाळीत मित्रांसोबत एकत्र उघडल्या. २०१५ची बाटली सर्वांत महाग पडली होती. ती विटकरी रंगाची निघाली, चेरीचा वास जवळजवळ नव्हता आणि आंबटपणा जिभेला झोंबला. ती खराब झाली होती, की जुनी क्रीक अशीच असते? अशी तुलना करण्याची योग्य पद्धत कोणती?

उत्तर : विटकरी रंग आणि मावळलेली चेरी ही वयाची लक्षणे आहेत, तेवढ्यावरून बाटली खराब झाली असे म्हणता येणार नाही. झोंबणारा आंबटपणा मात्र दोन प्रकारचा असू शकतो आणि पारख तेथेच करावी लागते. एक आंबटपणा ताकाच्या जातीचा असतो. तो लॅक्टिक आम्लाचा असून जिभेच्या कडांना जाणवतो, तोंडाला पाणी सुटते आणि घोट गिळल्यावर तो शांत होतो. दुसरा व्हिनेगरचा असतो. तो ग्लास नाकाशी नेताच कळतो आणि घोट गिळल्यावर घशात जळजळ मागे राहते. पहिला लँबिकचा स्वभाव आहे. दुसरा किंचित असेल तर चालतो, पण तोच पुढे आला असेल तर बुचातून हवा आत गेली होती किंवा बाटली उष्ण जागी राहिली होती, असे समजावे.

चेरी कुठे गेली, हे कळण्यासाठी ही बिअर कशी तयार होते ते पाहावे लागेल. ब्रुसेल्स आणि त्याच्या नैर्ऋत्येचा पायोटनलंड हा लँबिकचा मुलूख. मोड आणून वाळवलेली बार्ली आणि सुमारे एक तृतीयांश कच्चा गहू यांचा काढा, मुद्दाम जुने केलेले हॉप्स (बिअरमध्ये घालतात ती कडवट फुले) घालून उकळतात आणि थंडीच्या दिवसांत उथळ, उघड्या पात्रात रात्रभर निवत ठेवतात. त्यात विरजण घालत नाहीत. हवेतून आणि लाकडी पिंपांतून येणारे जंतू आणि यीस्ट तो काढा आंबवतात. त्यांतले ब्रेटानोमायसेस हे यीस्ट अतिशय चिवट असून ते पुढे कित्येक वर्षे, अगदी बाटलीतही, काम करीत राहते. अशा पिंपात मुरलेल्या लँबिकमध्ये अख्खी चेरी बियांसकट घालतात. फळातली साखर काही महिन्यांत पूर्ण आंबून जाते, म्हणून अस्सल क्रीक गोड नसते. फळाचा राहतो तो केवळ रंग, आम्ल आणि वास. हा वास टिकाऊ नसतो, तर लँबिक टिकाऊ असते. त्यामुळे बाटली पडून राहिली की फळ हळूहळू मागे सरते आणि चामड्याची, ओल्या गवताची, जुन्या गोणपाटाची आठवण देणारा लँबिकचा गंध वर येतो. कैरीचे लोणचे मुरताना कैरीची करकर जाते आणि खार बोलू लागतो, तसाच हा प्रकार आहे.

चेरीचा एक अंश मात्र बराच काळ तग धरतो आणि आपण तो कदाचित ओळखला नसावा. चेरीच्या बीमधून बदामासारखा वास उतरतो. लाल फळाचा ताजा वास गेल्यानंतरही हा बदामी वास अनेकदा उरतो. पुन्हा जुनी क्रीक हाती आली तर पहिल्या घोटापूर्वी ग्लास दोन्ही तळव्यांत धरून थोडा ऊबदार होऊ द्यावा आणि मग वास घ्यावा. चेरी शोधण्याऐवजी बदाम शोधावा. माझ्या मते जुन्या क्रीकचे खरे सौंदर्य येथेच आहे आणि थंडगार पेल्यातून घाईने पिणाऱ्याला ते भेटत नाही.

आता तुलनेविषयी. लेबलावरचे साल म्हणजे नेमके काय, हे आधी पाहावे. पुष्कळदा ते बाटली भरल्याचे साल असते. आतली लँबिक त्याहून एकदोन वर्षे मोठी असते. बेर्सेलच्या ड्री फॉन्टेइनेन ब्रुअरीसारख्या ठिकाणी आता लेबलावर हंगाम आणि मिश्रणाचा क्रमांक छापतात, आणि तुलना करणाऱ्याला साध्या सालापेक्षा तो अधिक उपयोगी पडतो, कारण एकाच वर्षी भरलेली दोन मिश्रणे सारखी नसतात. त्याशिवाय फळाचे प्रमाण पाहावे. ब्रुसेल्सच्या अँडरलेख्त भागातील, १९०० साली स्थापन झालेल्या कांतियों ब्रुअरीच्या नेहमीच्या फळांच्या बिअरमध्ये लिटरमागे सुमारे २०० ग्रॅम फळ असते, तर तिथल्याच ‘लू पेपे’ मालिकेत सुमारे ३०० ग्रॅम. शिवाय ‘लू पेपे’च्या बाटलीत फेस यावा म्हणून कोवळी लँबिक न मिसळता साखरेचा पाक घालतात. लेंबेकच्या बोन ब्रुअरीच्या ‘मारियाज पारफे’ क्रीकमध्ये फळ लिटरमागे ४०० ग्रॅमपर्यंत जाते. जास्त फळाची आठ वर्षांची बाटली कमी फळाच्या तीन वर्षांच्या बाटलीपेक्षा तरुण वाटली, तर नवल नाही. कृतीही बदलते. कांतियोंच्या ‘रोझे द गाम्ब्रिनुस’मध्ये पूर्वी रासबेरीबरोबर चेरीही असत, आज ती केवळ रासबेरीची असते. तिची खूप जुनी बाटली आणि नवी बाटली शेजारी ठेवून ‘वयाने काय झाले’ असे विचारले, तर उत्तर चुकीचे मिळणारच.

आपल्या तीन बाटल्या तीन दुकानांत, तीन वेगळ्या तापमानांत वाढल्या होत्या. तुलनेचे सर्वांत कच्चे अंग मला हेच वाटते. शक्य असल्यास एकाच भरणीच्या चार-पाच बाटल्या एकदम घ्याव्यात, तळघरात किंवा घरातल्या सर्वांत थंड आणि अंधाऱ्या जागी १२ ते १५ अंशांवर आडव्या ठेवाव्यात, आणि दरवर्षी एक उघडून रंग, वास आणि आंबटपणा यांविषयी चार ओळी वहीत लिहाव्यात. मग जे कळते ते वयाविषयीच कळते. आणखी एक बाब किरकोळ वाटते, पण निकाल फिरवते. आडव्या बाटलीत साका एका अंगाला बसलेला असतो. ती झटकन उभी करून ओतली तर शेवटचे ग्लास गढूळ आणि कडवट होतात. बाटली आदल्या दिवशी अलगद उभी करावी किंवा वेताच्या टोपलीत आडवीच ठेवून ओतावी. सर्व बाटल्या १२ अंशांच्या आसपास असाव्यात, ग्लास एकाच आकाराचे असावेत, आणि ओतणारा निराळा असावा, म्हणजे पिणाऱ्यांना कोणत्या ग्लासात कोणते साल आहे ते कळणार नाही. रंग झाकता येत नसेल, तर दिवा मंद करावा. विटकरी रंग दिसताच मन ‘जुनी’ ठरवते आणि जीभ त्याच्या मागे जाते. जुनी बाटली आधी आणि लगेच हुंगावी, कारण उरलासुरला फळाचा वास उघडताच वर येतो आणि बहुधा थोड्याच वेळात उडून जातो.

२०१५च्या बाटलीला आपण जास्त पैसे मोजले याचे मला खरोखर वाईट वाटते. फळांच्या लँबिकमध्ये वय म्हणजे गुण नव्हे. नुसत्या ग्यूझला, म्हणजे नव्याजुन्या लँबिकच्या मिश्रणाला, दहा-पंधरा वर्षे देण्यात अर्थ आहे. क्रीकच्या बाबतीत मला दोन ते पाच वर्षांचा टप्पा सर्वांत समाधान देतो. तोपर्यंत आम्ल थोडे निवते आणि चेरीही अजून हजर असते.

प्रश्न : ब्रुसेल्सला राहणाऱ्या बहिणीने मला रासबेरीच्या लँबिकच्या दोन बाटल्या आणि जर्दाळूची एक बाटली दिली. मी पुण्यात राहते. बहीण तीन वर्षांनी परत येणार आहे. तोपर्यंत त्या ठेवता येतील का?

उत्तर : ठेवता येतील, पण ठेवू नयेत, असे मी कळकळीने सांगेन. रासबेरीचा वास चेरीपेक्षा फार लवकर उतरतो आणि तिला बदामासारखा पाठीराखा नसतो. गुलाबी रंगही सालागणिक फिकट, कांद्याच्या सालीसारखा होत जातो. जर्दाळू त्याहून नाजूक. कांतियोंची ‘फू फून’ ही जर्दाळूची लँबिक जाणकार मंडळी शक्य तितकी ताजी पितात, कारण तिचे सारे मोल पिकलेल्या फळाच्या त्या मऊ वासात असते. त्यात पुण्याचा एप्रिल-मे आहे. घरातले तापमान ३५ अंशांच्या पुढे गेले की बाटलीतले सारे बदल वेगाने होतात, दाब वाढतो आणि बूच सैल पडण्याचा धोका असतो. जर्दाळूची बाटली या महिन्यातच उघडावी. रासबेरीची एक आता प्यावी, दुसरी फ्रिजच्या खालच्या कप्प्यात ठेवून वर्षाच्या आत संपवावी. बहिणीसाठी राखायचीच असेल, तर तिला ब्रुसेल्सहून ताजी आणायला सांगावे आणि आपल्या टिपणांशी ती ताडून पाहावी.

प्रश्न : दुकानात मिळणारी गोड क्रीकही अशीच जुनी करता येते का?

उत्तर : नाही. ती गोड राहावी म्हणून तिच्यातले यीस्ट बहुधा पाश्चरायझेशनने मारलेले असते. त्यामुळे बाटलीत मुरण्याची क्रियाच घडत नाही, नुसता वास शिळा होतो. लेबलावर ‘औडे क्रीक’ हे शब्द पाहावेत. युरोपीय संघाने १९९७ पासून संरक्षण दिलेली ही संज्ञा पारंपरिक पद्धतीने केलेल्या, बाटलीत पुन्हा आंबणाऱ्या क्रीकलाच लावता येते, आणि साठवायची असेल तर तीच घ्यावी.