हलवा लवकर आला तर येऊ द्या, तिळगूळ मात्र ताजाच घ्या

तुम्ही विचारलंय की डिसेंबर लागतो न लागतो तोच दुकानांत संक्रांतीचा हलवा, चॉकलेटचा तिळगूळ, स्ट्रॉबेरीची तिळवडी मांडलेली दिसते. हे इतक्या लवकर का येतं, आणि आत्ताच घेऊन ठेवलं तर संक्रांतीपर्यंत चांगलं राहतं का? मी घरी हलवा करते आणि हलव्याच्या दागिन्यांच्या ऑर्डरी घेते, त्यामुळे यातलं बरंच रोज हाताखालून जातं.

हलव्याला दुकानदाराच्या घाईपेक्षा थंडी लवकर आणते. मी सासूबाईंकडून शिकले तशीच अजून करते. साखरेचा पाक उकळताना त्यात चमचाभर दूध घालून वर येणारी मळी काढून टाकायची. परातीत वाटीभर तीळ घ्यायचे, खाली अगदी मंद आच. चमचाभर पाक सोडायचा आणि तो सुकेपर्यंत तीळ हाताने हलवत राहायचं. सुकला की पुढचा चमचा. पाक जास्त पडला तर दाणे एकमेकांना धरून बसतात, आच वाढली तर साखर पिवळी पडते. पहिल्या दिवशी तीळ नुसते पांढरट दिसतात. दुसऱ्या दिवशी जरा गोल होतात. काटा दिसू लागतो तो तिसऱ्या-चौथ्या दिवशी, आणि तोही पहाटेच्या कोरड्या थंडीत. आम्ही साडेचारला परात मांडतो ती त्यासाठीच. एका वर्षी डिसेंबरात आठवडाभर ढगाळ हवा होती. हलवा गोल झाला, पांढराही झाला, पण काटा काही धरला नाही. तो सगळा मी घरी खायला ठेवला, दागिन्यांना वापरला नाही.

मोठ्या प्रमाणावर करणारे फिरत्या कढईत करतात. तो हलवा एकसारखा गुळगुळीत येतो आणि हवेवर फारसा अडत नाही. खायला ठीक असतो, पण काटेरी हलव्याची कुरकुर त्यात नसते.

दागिने हवे असतील तर डिसेंबरची सुरुवात लवकर नाहीच. नवीन सुनेचं मंगळसूत्र, तन्मणी, बांगड्या, नथ, कंबरपट्टा, जावयाचा हार आणि नारळ, बाळाचा मुकुट आणि बासरी, हे सगळं दाणा दाणा दोऱ्यात गुंफून करायचं असतं. नथीला खसखशीचा बारीक हलवा लागतो, हाराला साबुदाण्याचा टपोरा. शिवाय परदेशात नातवंडाचं बोरन्हाण असेल तर पार्सल पोचायलाच दिवस जातात. अशा आज्या मला दिवाळी झाली की फोन करतात, आणि बरोबर करतात.

ठेवायचं म्हणाल तर हलवा टिकतो. कोरड्या, घट्ट झाकणाच्या बरणीत ठेवा. फ्रीजमध्ये नको, बाहेर काढला की त्याला पाणी सुटतं आणि काटे विरघळतात.

तिळगुळाचं तसं नाही. तीळ भाजून कुटले की त्यातलं तेल मोकळं होतं, जोडीला दाण्याचं कूट असतं, आणि महिनाभरात खवट वास यायला लागतो. खरं तर संक्रांतीच्या सुमाराला सगळं नवं मिळतं. खरिपाचे तीळ दिवाळीच्या आगेमागे निघालेले असतात, गुऱ्हाळं चालू झालेली असतात, कोल्हापूरकडचा नवा गूळ बाजारात आलेला असतो. मग डिसेंबरात बांधलेला लाडू १४ जानेवारीला कशाला खायचा? लाडू-वडी संक्रांतीच्या आधीच्या आठवड्यात घ्या, किंवा घरी करा. दुकानात सुटी मिठाई घेताना 'बेस्ट बिफोर' तारीख बघा. १ ऑक्टोबर २०२० पासून ती लावणं बंधनकारक आहे. लावलेली नसेल तर विचारा. आणि एक लाडू फोडून वास घ्या, नाक चुकत नाही.

आता नव्या चवी. चॉकलेटमध्ये बुडवलेला तिळगूळ मी खाऊन पाहिला आहे. चॉकलेटच लागलं, तीळ कुठे गेले कळलं नाही. मुलांना आवडतो, त्यांना द्या, पण तिळगूळ म्हणून त्यांना ओळख व्हावी ती खमंग भाजलेल्या तिळाची, असं मला मनापासून वाटतं. स्ट्रॉबेरीच्या वडीचं मला जास्त वाईट वाटतं. महाबळेश्वरची स्ट्रॉबेरी त्याच थंडीत बाजारात असते, आणि मी चाखलेल्या वड्यांत होता तो नुसता इसेन्स आणि गडद गुलाबी रंग. फार भडक रंगाचा हलवा किंवा वडी मी लहान मुलांसाठी घेत नाही.

वेगवेगळ्या चवी हलव्याला नवीन नाहीत. लवंगेचा हलवा तोंडात टाका. आधी साखर विरघळते, मग काटे मोडतात, आणि शेवटी दाताखाली लवंग येऊन तोंडभर झणका लागतो. वेलदोड्याचा, बडीशेपेचा, मगजबियांचा, प्रत्येकाचा शेवट निराळा. चव आत दडलेली असते आणि तिथे पोचायला वेळ लागतो, हीच त्यातली गंमत. कोणी आल्याचा किंवा ओव्याचा करून बघितला तर मी आनंदाने विकत घेईन.

तुम्ही बोरन्हाणासाठी विचारत असाल तर घाई नाही, ते रथसप्तमीपर्यंत करता येतं. मात्र बाळाच्या डोक्यावरून घालायच्या कुरमुऱ्यांत टपोरा साबुदाण्याचा हलवा मिसळू नका, त्याचा काटा टोचतो. तिळाचा बारीक घ्या, तोही मूठभरच, आणि नंतर बाळाच्या मुठीत किंवा झबल्याच्या घडीत एखादा दाणा राहिला नाही ना ते नीट बघा.