कुठल्या देशातली कॉलेजं सेफ?

प्रश्न: ताई, मुलगी मास्टर्सला बाहेर जायचं म्हणतेय, अमेरिका नाहीतर जपान. अमेरिकेत कॉलेजमधल्या 44 टक्के मुलांनी गांजा घेतलाय असं वाचलं आणि माझी झोपच उडाली. जपानचे आकडे तर अगदीच किरकोळ दिसतात. मग तिला जपानलाच पाठवू का?
– एक काळजीत पडलेली आई

उत्तर: काळजी वाटणारच हो, पण आकडा कशाचा आहे ते आधी बघा. हा 44 टक्केवाला मिशिगन युनिव्हर्सिटीच्या सर्व्हेतला, 2020 चा, आणि प्रश्न होता गेल्या वर्षभरात एकदा तरी घेतला का. म्हणजे पार्टीत एक झुरका मारलेला आणि रोज ओढणारा, दोघंही त्यातच धरले. रोजचे वेगळे काढले तर दहात एकही भरत नाही. कुठे 'आयुष्यात कधीतरी' विचारतात, कुठे 'गेल्या 30 दिवसांत', आणि मग लोक हे सगळे आकडे शेजारी शेजारी ठेवून देशांना नंबर देतात, याचा मला खरंच राग येतो.

त्यात पोरं खरं सांगतात का हा वेगळाच प्रश्न. कॅनडात ऑक्टोबर 2018 पासून गांजा कायदेशीर आहे, तिथं 'हो' लिहायला कोण कशाला घाबरेल? जपानमध्ये सापडलं तर अटक, त्यामुळे फॉर्मवर नाव नसलं तरी हात आखडतोच. युरोपात शाळकरी मुलांच्या सर्व्हेत 'रेलेव्हिन' नावाचं जगात नसलेलंच ड्रग यादीत घातलं होतं, कोण उगाच ठोकून देतंय ते कळावं म्हणून. लपवणाऱ्याला पकडायची मात्र अशी सोपी युक्ती नाही. तरी जपानमध्ये वापर कमी आहे हे खरंच, फक्त फरक किती ते या आकड्यांवरून ठरवू नका.

त्यापेक्षा मुलीशी नियमांबद्दल बोला. अमेरिकेत बऱ्याच राज्यांत गांजा चालतो पण केंद्रीय कायद्यात नाही, आणि व्हिसा केंद्र सरकारच देतं, म्हणजे तिथल्या मैत्रिणीला जे माफ ते हिला महागात पडू शकतं. परीक्षेच्या दिवसांत जागायला मुलं एकमेकांकडून अ‍ॅडेरॉल मागतात, अमेरिकेत ती प्रिस्क्रिप्शनची गोळी आहे, जपानमध्ये मात्र डॉक्टरची चिठ्ठी असली तरी नेता येत नाही. आणि अमेरिकेत बाहेरून मिळणाऱ्या नकली गोळ्यांत फेंटानिल (अफूसारखंच, पण फार जहाल ड्रग) निघतं, एका गोळीत जीव जाऊ शकतो, म्हणून कुणी दिलेली सुटी गोळी घ्यायचीच नाही हे तिला स्पष्ट सांगा. अशा ड्रगचा ओव्हरडोस उतरवणाऱ्या नॅलोक्सोन या औषधाचा नाकात मारायचा स्प्रे तिथं 2023 पासून चिठ्ठीशिवाय मिळतो, तो रूमवर असू दे, आणि कुणी बेशुद्ध पडलं तर घाबरून पळायचं नाही, आधी 911 हा तिथला इमर्जन्सी नंबर लावायचा.