रेषा आखतात, लिहितात ती ओळ

नाशिकच्या अभियांत्रिकीच्या एका विद्यार्थ्याचा प्रश्न: द्राक्षबागेतल्या फवारणीच्या नोंदींसाठी त्याने छोटा प्रोग्राम केला आहे. खिडकीतल्या एका चौकटीत आकडा टाकायचा, दुसरीत मजकूर, आणि बटण दाबलं की तो टेक्स्ट फाइलमध्ये त्या जागी जातो. बटणावर 'रेषा ५ वर लिहा' असावं, की 'ओळीवर', की 'ओळीत'?

रेषा मुळीच नको. रेषा पट्टीने आखतात. मजकुराची ती ओळ. शाळेत 'तिसऱ्या ओळीपासून वाच' ऐकत वाढलेल्या मुलांनी पडद्यावर 'रेषा' लिहावी याचा मला मनापासून राग येतो. 'लाइन' चालेल, निदान ती बोलण्यात तरी आहे.

आणि ओळ काय सुंदर शब्द आहे! तिचं मूळ विचारलं की बरेच जण संस्कृत 'आवली'कडे, म्हणजे रांगेकडे, बोट दाखवतात. दीपावलीची दिवाळी झाली, तशी आवलीची ओळ. पण दिवाळीत 'आ' टिकला आहे, 'ओ' कुठे आला? दाखला त्यांच्याच विरुद्ध जातो. हेमचंद्र या जैन व्याकरणकाराने बाराव्या शतकात आपल्या प्राकृत व्याकरणात यासाठी वेगळं सूत्रच दिलं आहे: 'ओदाल्यां पङ्क्तौ'. 'आली' या शब्दाचा अर्थ रांग असेल तर 'आ'चा 'ओ' होतो, म्हणजे 'ओली'. अर्थ सखी असेल तर 'आली'च राहते. अर्थावरून स्वर ठरतो! पुढे फलाचं फळ झालं तसा 'ल'चा 'ळ' झाला आणि ओळ मिळाली. इतका स्पष्ट पुरावा असताना आवलीला धरून बसणं हा निव्वळ हट्ट आहे.

माझं मत याही पुढे जातं. तांबट आळीतली 'आळी' म्हणजे घरांची रांग. ती याच 'आली'ची, स्वर न बदललेली बहीण. सूत्र मोडतं असं कोणी म्हणेल, पण बोलीत दोन्ही रूपं शेजारी नांदतात आणि मग कामं वाटून घेतात: घरांना आळी, अक्षरांना ओळ. 'ओळख'ही ओळीतूनच आली असं सांगणाऱ्यांनी मात्र थांबावं. ती संस्कृत 'उपलक्ष्' (निरखणं) वरून आली, तिचा रांगेशी काही संबंध नाही.

आता 'वर' की 'त'. यात व्याकरणाइतकाच फाइलचाही प्रश्न आहे. डिस्कवर ओळी अशा नसतातच. असते बाइटांची, म्हणजे साठवलेल्या छोट्या आकड्यांची, सलग माळ आणि अधूनमधून ओळ संपल्याची खूण. ही खूण लिनक्सवर १० हा एक बाइट, विंडोजवर १३ आणि १० हे दोन. त्यामुळे पाचव्या ओळीच्या जागी थेट लांब मजकूर लिहिला तर तो सहावीचा घास घेतो. म्हणून सगळी फाइल वाचायची, ओळींची यादी करायची, हवी ती बदलायची आणि सगळं पुन्हा लिहायचं. तेही आधी तात्पुरत्या फाइलमध्ये, मग तिला मूळ नाव द्यायचं, म्हणजे मध्येच वीज गेली तरी जुनी नोंद शाबूत राहते.

'ओळीवर लिहा' म्हटलं की जुनं पुसून नवं लिहिणं असा अर्थ निघतो, 'ओळीत लिहा' म्हटलं की जुन्यात भर. बागायतदाराला कालची नोंद पुसली जाणार आहे हे बटणावरूनच कळलं पाहिजे. तेव्हा दोन बटणं करा: 'ओळ बदला' आणि 'या ओळीआधी नवी ओळ घाला'. प्रोग्राम पायथॉन भाषेत असेल तर तिची यादी शून्यापासून मोजते, आणि टीकिंटर या तिच्या खिडक्या-बटणं करायच्या साधनातली मजकुराची चौकट ओळी एकपासून आणि अक्षरं शून्यापासून. एकाची वजाबाकी लागेल तिथे प्रोग्रामच्या आत करा. मराठीत ओळ पहिलीपासूनच सुरू होते.