लाँग केसची धास्ती वाटते

प्रश्न: एमडी सायकियाट्रीच्या शेवटच्या वर्षाला आहे. थिअरी जमते, पण लाँग केसमध्ये, म्हणजे एका पेशंटला सविस्तर तपासून परीक्षकांसमोर केस सांगताना, ततपप होतं. तयारी कशी करू?

उत्तर: नुसतं वाचून हे जमत नाही हो, तोंडाने बोलावंच लागतं. रोज एका पेशंटची हिस्टरी घ्या नि कुणा सीनियरला न बघता सांगा, आणि निदान नुसतं स्किझोफ्रेनिया म्हणून थांबू नका, बायपोलर का नाही, दारू-गांजामुळे का नाही, हे आपणहून सांगून टाका म्हणजे पुढचे निम्मे प्रश्न येतच नाहीत. मेंटल स्टेटसमध्ये (पेशंटच्या मनःस्थितीच्या तपासणीत) पेशंटचे शब्द जसेच्या तसे लिहा. ‘भास होतात’ लिहिण्यापेक्षा “दोघंजण आपसात बोलतात, बघ आता हा उठला, आता चहा पितोय” हे लिहिलंत की कसले आवाज ते परीक्षकाला लगेच कळतं. आत्महत्येच्या विचारांबद्दल विचारायला मात्र अजिबात विसरू नका, ते मार्कांसाठी नाहीच, समोर बसलेल्या माणसासाठी आहे.

व्हायवात (तोंडी परीक्षेत) लिथियम हे बायपोलरचं औषध विचारतातच, त्याची रक्तातली लेव्हल शेवटच्या डोसनंतर १२ तासांनी घ्यायची, किडनी-थायरॉईड तपासायचं. २०१७ चा मेंटल हेल्थकेअर अ‍ॅक्ट पण नीट करा, त्यातलं कलम ९५ म्हणजे भूल आणि मसल रिलॅक्संट (स्नायू सैल करणारं औषध) न देता ईसीटीला, म्हणजे विजेच्या झटक्याच्या उपचाराला, बंदी, आणि कलम ११५ आत्महत्येच्या प्रयत्नाबद्दलचं. एखादं उत्तर येत नसेल तर सरळ “आठवत नाही सर” म्हणा आणि पुढे चला, काहीतरी ठोकून दिलं की ते तिथेच धरून बसतात.